डिजिटल बीपी मशीन: खोलायला सोपं, अडतं ते पट्ट्याशी

घरी वापरायचं बीपी मशीन घेताना अचूकता आधी बघायची, हे बरोबरच. पण बंद पडल्यावर ते खोलून रिसायकलिंगसाठी भाग वेगळे करता येतात का, हेही दुकानातच बघून घ्यावं. त्या कसोटीवर डबल ए आकाराच्या चार सेलवर चालणारं, दंडाला पट्टा बांधायचं साधं मॉडेल सगळ्यात उजवं ठरतं.

सेल काढून ते उलटं करा. तळाला सहसा चार फिलिप्स (अधिकच्या खुणेसारख्या खाचेचे) स्क्रू असतात. एखादा रबरी पायाखाली किंवा लेबलखाली दडलेला असतो. तो राहिला आणि झाकण उचकटलं, तर आतल्या खाचा तुटतात. आत पीसीबी (सर्किट बोर्ड), मोटरवर चालणारा छोटा हवेचा पंप, हवा सोडणारा व्हॉल्व आणि त्यांना जोडणाऱ्या मऊ नळ्या. नळ्या ओढल्या की निघतात. मोटरमधलं तांबं, एबीएस या कडक प्लास्टिकचं कवच आणि पीसीबी असं सगळं वेगळं होतं.

चार्जिंगच्या मॉडेलमध्ये इथेच घोळ होतो. लिथियम बॅटरी बऱ्याचदा दुहेरी टेपने चिकटवलेली असते. ती काढताना स्क्रूड्रायव्हर घुसला तर पेटते, आणि आतच राहून रिसायकलरकडच्या श्रेडरमध्ये (तुकडे करणाऱ्या यंत्रात) गेली तर तिथे आग लागते. सोयीसाठी हा धोका पत्करू नये.

खरी उणीव पट्ट्यात आहे. नायलॉनचं कापड, आत हवेची पिशवी, वर वेल्क्रो, सगळं एकत्र शिवलेलं. ते सुटं करणं कुणालाच परवडत नाही. शिवाय आधी तोच जातो: वेल्क्रो धरत नाही, नळी जोडापाशी चिरते, हवा गळून एरर येतो आणि लोक चांगलं मशीन टाकून देतात. म्हणून सुटा पट्टा मिळतो का, आणि आपल्या दंडाच्या मापाचा (घेर बहुधा 22 ते 32 सेंमी) मिळतो का, हे आधी विचारा. डॉक्टरांकडच्या हाताने फुगवायच्या बीपी यंत्रांच्या बऱ्याच पट्ट्यांतून पिशवी बाहेर काढता येते. घरच्या मशीनलाही कंपन्यांनी तसाच पट्टा द्यायला हवा.

1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणंही येतात. शरीरात बसवलेली आणि संसर्ग झालेली तेवढी वगळली आहेत. मशीन पुसून, सेल वेगळे काढून नोंदणीकृत रिसायकलरकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रावर द्या. भंगारात गेलं, तर तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात.