जे-१ व्हिसावर अमेरिकेत जाताय? पगाराची पावती आधी वाचा

हॉटेल मॅनेजमेंट संपवून जून २०२२ मध्ये मी पुण्याहून फ्लोरिडातल्या एका हॉटेलात जे-१ व्हिसावर, म्हणजे ठरावीक काळाच्या प्रशिक्षण-देवाणघेवाणीच्या व्हिसावर, ट्रेनी म्हणून गेले. तासाला १५ डॉलर, आठवड्याला ४० तास. पंधरवड्याचे १,२०० डॉलर व्हायचे, त्यातून सोशल सिक्युरिटीचे (तिथल्या पेन्शनचा कर) ७४.४० आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचा कर) १७.४० कापले जायचे. विचारलं तर एचआरच्या बाई म्हणाल्या, "सगळ्यांचेच कापतात." मी गप्प बसले.

सगळ्यांचे कापत नाहीत! जे-१ वर पहिल्यांदाच आलेला ट्रेनी पहिली दोन कॅलेंडर वर्षं करापुरता अनिवासी असतो, आणि या व्हिसावरच्या त्याच्या कामाला हे दोन कर लागत नाहीत. इन्कम टॅक्स लागतो, तो वेगळा.

एकाच घरात राहणाऱ्या बरोबरच्या मुलींनी एका टॅक्स एजंटचा नंबर दिला. मराठी माणूस. "अगं, मी आहे ना, सगळे परत मिळवून देतो," म्हणाला. मिळेल त्याच्या वीस टक्के त्याचे. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली आणि मी न वाचताच सही केली. एप्रिल २०२३ मध्ये खात्यात ९८० डॉलर आले, त्याला १९६ दिले. कापलेलेच परत आले असं मी धरून चालले.

ते पैसे त्यातले नव्हतेच. वर्षभरानंतर पुण्याच्या पत्त्यावर अमेरिकी कर खात्याचं पत्र आलं. एजंटने अनिवासींच्या १०४०-एनआर या रिटर्नच्या फॉर्मऐवजी तिथल्या रहिवाशांचा १०४० भरला होता आणि ज्या कॉलेजचं मी तोंडही पाहिलं नाही, त्याच्या फीवर सवलत मागितली होती. आता पैसे व्याजासकट परत करा. रिटर्नवर सही माझी, म्हणून जबाबदारीही माझीच. त्याचा फोन बंद. रात्र रात्र झोप लागली नाही.

चोवीस पगारांतून कापलेल्या २,२०३ डॉलरसाठी त्याने कागदसुद्धा हलवला नव्हता. ते आधी मालकाकडे मागायचे असतात. त्याने नाही दिले तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून, डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेले कर दाखवणारा मालकाचा कागद), व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) आणि डीएस-२०१९ (जे-१ कार्यक्रमाचं प्रमाणपत्र) यांच्या प्रती जोडून कर खात्याकडे. साधारणपणे रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत. डब्ल्यू-२ च्या चौथ्या आणि सहाव्या चौकटीत आकडा दिसला, की तेवढे तुमचे कापले गेलेत.

हे सगळं मी शेवटी स्वतः भरलं. दुरुस्तीचं रिटर्नही पाठवलं. त्या घरातल्या आणखी तिघींनी त्याच माणसाकडे सह्या केल्या होत्या, त्यांनाही कळवलंय.