व्याह्यांना दिलेला मिकी मँटल

लेकीनं अमेरिकन मुलाशी लग्न केलं आणि पहिल्याच नाताळात प्रश्न पडला, व्याह्यांना द्यायचं काय? शर्टपीस-नारळ इथं चालणार नव्हता. ते न्यू यॉर्कच्या यँकीज या बेसबॉल संघाचे कट्टर भक्त. कुठलाही विषय काढा, दुसऱ्या वाक्याला त्या संघाच्या जुन्या खेळाडूवर, मिकी मँटलवर येतात. १९५१ ते १९६८ एकाच संघात, ५३६ होम रन, सात नंबरची जर्सी. आपलं सचिनबद्दल होतं तसंच.

डिसेंबरात न्यू जर्सीतल्या एका मॉलमध्ये फ्रेम केलेल्या फोटोंचा तात्पुरता स्टॉल लागला होता. तिथं मँटल दिसला. बॅट फिरवून झाल्यावर लांब गेलेल्या चेंडूकडे बघतोय, खाली नावाची पितळी पट्टी, कोपऱ्यात निळ्या शाईची ऐसपैस सही. फ्रेमच्या पाठीवर चकचकीत होलोग्राम आणि एक सर्टिफिकेट. किंमत ३२० डॉलर, रोख दिले तर २६०. "सही खरी ना?" मी विचारलं. पोरगा म्हणाला, "मॅम, मागे होलोग्राम आहे." हे माझ्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं, पण मी घासाघीस जमली या आनंदात होते.

व्याही खूश. फोटो दिवाणखान्यात लागला. एप्रिलमध्ये मीच शेखी मिरवली, की २६० डॉलरमध्ये खरी सही म्हणजे स्वस्तच पडली. ते जरा घुटमळले. मग फ्रेम उतरवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. सहीची रेघ म्हणजे बारीक रंगीत ठिपके होते, मागच्या गवतात होते तसेच. पेनाची शाई फोटोच्या वर बसते, उजेडात तिरकं धरलं की वेगळी चमकते. इथं फोटोबरोबर सहीही छापून आली होती.

सर्टिफिकेट मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. हा फोटो परवानाधारक छपाईचा अस्सल माल आहे, एवढंच. होलोग्रामही त्याचाच. सहीबद्दल अवाक्षर नाही, त्यामुळे कागदोपत्री खोटंही काही नाही!

व्याह्यांनी समजावलं ते असं. मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल स्पर्धेची, सह्या पडताळायची योजना २००१ची. तिचा माणूस सही होताना समोर असावा लागतो, मग नंबराचं स्टिकर लागतं आणि तो नंबर वेबसाइटवर तपासता येतो. मँटल वारला ऑगस्ट १९९५मध्ये. म्हणजे त्याच्या सहीला हे स्टिकर मिळायचा प्रश्नच नाही. जुन्या सह्यांवर स्वतंत्र तज्ज्ञांचं मत घ्यावं लागतं. नुसत्या सर्टिफिकेटला काय किंमत, ते खोट्या सह्या विकणाऱ्या टोळीवरच्या एफबीआयच्या कारवाईत, 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये दिसलंच होतं. त्या टोळीच्या मालात मदर तेरेसांच्या खोट्या सहीचे बेसबॉलही निघाले.

मी मॉलमध्ये गेले तर त्या जागी मोबाइलची कव्हरं. माझ्याकडची चिठ्ठी पाहिली, तीवर दुकानाचं नावसुद्धा नाही. कार्डानं दिले असते तर बँकेकडे तक्रार तरी करता आली असती. नुसता फोटो हवा असेल तर जरूर घ्या, तसे फोटो यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत मिळतात. सहीसाठी जास्त मोजत असाल तर 'पेनानं स्वतः केलेली सही' असं बिलावर लिहून मागा. दुकानदार कां-कूं करायला लागला की समजा.

व्याह्यांनी फोटो भिंतीवरून काढलेला नाही. त्यांच्याकडे जेवायला गेलं की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.