अर्ध्या तासाची परीक्षा: मोपा-दाबोळीच्या वैमानिकांसाठी कॅसिओ जीडब्ल्यू-एम5610

विमान गोव्यातल्या मोपाहून उडो वा दाबोळीहून, त्याचे कागद यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, चालतात. मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल), नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), फ्लाइट प्लॅन सगळे यूटीसीत, आणि मनगटावर मात्र आयएसटी, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. फरक साडेपाच तासांचा. त्यातला तो अर्धा तास भारतात उडणाऱ्याच्या घड्याळाची खरी परीक्षा घेतो, आणि पायलट वॉच म्हणून विकली जाणारी कितीतरी महागडी घड्याळं नेमकी तिथेच अडतात.

काट्यांच्या जीएमटी (दुसऱ्या ठिकाणची वेळही दाखवणाऱ्या) घड्याळात चोवीस तासांचा जादा काटा असतो, पण मिनिटकाटा एकच. तासाच्या फरकाला ते चालतं, अर्ध्या तासाला नाही. सकाळी 10:45 ला यूटीसी असतो 05:15. जीएमटी काटा पाच तास मागे लावला असेल तर तो 5:45 च्या जागी दिसतो, म्हणजे दर वेळी मनात तीस मिनिटं वजा करायची. घड्याळाला मिनिटांची फिरती बेझल (काचेभोवतीची कडी) असेल तर एक उपाय आहे. बेझलचं शून्य सहाच्या खुणेवर आणा. मिनिटकाटा बेझलवर यूटीसीची मिनिटं दाखवील. तासाचा आकडा मात्र सांभाळावा लागतो. 10:15 ला काटा 5:15 दाखवतो आणि खरा यूटीसी 04:45 असतो. रात्रीच्या तिसऱ्या सेक्टरला (उड्डाणाच्या टप्प्याला) ही कसरत कुणालाही नको.

जीडब्ल्यू-एम5610 या कॅसिओच्या डिजिटल घड्याळात हा प्रश्न उरतच नाही. होम सिटी 'डीईएल' ठेवायची, डीएसटी (उन्हाळी वेळ) बंदच ठेवायचा, मग मोड बटणाने वर्ल्ड टाइममध्ये जाऊन उजवीकडच्या खालच्या बटणाने 'यूटीसी' येईपर्यंत शहरं सरकवायची. काम झालं. मेटारवर 120630झेड (झेड म्हणजे यूटीसी) असेल तर बारा तारखेचा 06:30 यूटीसी, आपल्याकडे दुपारचे बारा. सावध राहायचं ते मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात: यूटीसीची तारीख तेव्हा कालचीच असते. लॉगबुकातल्या बऱ्याच चुका इथेच होतात आणि त्याला कोणतंही घड्याळ जबाबदार नाही.

अंतराळवीरांच्या घड्याळांशी याचं नातं जवळचं आहे. नासाने 1965 साली ओमेगा स्पीडमास्टर प्रमाणित केलं, आणि एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या 14 सेकंदांच्या इंजिन-प्रज्वलनाची वेळ त्याच चावीच्या घड्याळावर मोजली गेली. पुढे उड्डाणासाठी पात्र ठरलेल्या घड्याळांत कॅसिओची डीडब्ल्यू-5600सी आणि डीडब्ल्यू-5600ई ही साधी चौकोनी मॉडेल्सही आली. एम5610 स्वतः त्या यादीत नाही, पण घडण त्याच कुळाची आहे. जुन्या डीडब्ल्यू-5600ई मध्ये वर्ल्ड टाइम नाही, म्हणून वैमानिकाने ते घेण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही यूटीसीवरच चालतं.

खोक्यावर 'मल्टिबँड 6' ठळक छापलेलं असतं. गोव्यात त्याचा उपयोग शून्य. हे घड्याळ जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या केंद्रांचे रेडिओ संकेत पकडून स्वतःला दुरुस्त करतं. भारतात असं केंद्र नाही आणि होम सिटी डीईएल असताना ते संकेत घेतही नाही. मग उरतो साधा क्वार्ट्झ, महिन्याला 15 सेकंदांपर्यंत पुढे-मागे होणारा. म्हणून महिन्यातून एकदा हाताने जुळवा. डावीकडचं वरचं बटण दाबून धरा, शहराचा कोड लुकलुकू लागला की मोड दाबत सेकंदांवर या आणि प्रमाणवेळेच्या ठोक्याला उजवीकडचं खालचं बटण दाबा. सेकंद 30 ते 59 मध्ये असताना दाबलं तर मिनिट एकाने वाढतं, हे ध्यानात ठेवा. नवशिके इथेच एक मिनिट चुकवतात.

कॉकपिटमध्ये स्टॉपवॉच मनासारखं चालतं. मोड बदलून वेळ पाहिली तरी ते मागे चालूच राहतं. होल्डिंगमध्ये, म्हणजे उतरण्याची वाट पाहत आकाशात घिरट्या घालताना, 14,000 फूट किंवा त्याखाली बाहेर जाणारा सरळ टप्पा (आउटबाउंड लेग) एक मिनिटाचा, त्याहून वर दीड मिनिटाचा. सेकंदाला तीन अंशांच्या वळणात 180 अंशांना एक मिनिट लागतं. हे सारं मोठ्या आकड्यांत एका नजरेत दिसतं. गजर मात्र भरवशाचा नाही. हेडसेट आणि इंजिनाच्या आवाजात तो ऐकू येत नाही आणि या घड्याळात कंपनही नाही. इंधनाची टाकी बदलायला टायमर लावला असेल तर नजर ठेवावीच लागेल.

घेण्याआधी गॉगल लावून बघा. एलसीडीवर ध्रुवक थर असतो, त्यामुळे पोलराइज्ड काचेतून एका कोनात आकडे काळे पडून दिसेनासे होतात. (विमानाच्या स्क्रीनसाठीही असा गॉगल नकोच.) रात्री दहा ते पहाटे सहा या वेळात अंधारात तासभर राहिलं की ऊर्जा वाचवायला पडदा कोरा होतो. कुठलंही बटण दाबलं की परत येतो, पण रात्रपाळीवाल्याने ती सोय सेटिंगमध्ये बंद करावी. मनगट वळवताच लागणारा दिवाही तसाच बंद करावा.

सौर घड्याळाला गोव्याचं ऊन पुरेसं. पावसाळ्यात ते कपाटात पडून राहू देऊ नका. खिडकीजवळ ठेवलं तर चार्जचा निर्देशक एच (हाय) वर राहतो. खरा शत्रू दमट खारी हवा. रेझिनच्या पट्ट्यातलं पॉलियुरेथेन घाम, उष्णता आणि ओलाव्याने हळूहळू तुटतं. आधी चिकट, मग ठिसूळ होतं आणि बकलाजवळच्या भोकाशी चिरतं. बोगमाळोच्या किनाऱ्यावरून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवा, पट्ट्याच्या आतली बाजू पुसून सावलीत वाळवा आणि पाण्याखाली बटणं दाबू नका. 200 मीटरची पाणीरोधकता गॅस्केट (झाकणाखालचं रबरी कडं) शाबूत असेपर्यंतच टिकते, तेव्हा झाकण उघडायची वेळ आली तर गॅस्केट नवं बसवून घ्या. पट्ट्याच्या स्प्रिंग बारवर (पट्टा घड्याळाला जोडणाऱ्या दांडीवर) तांबूस डाग दिसला की तो बदलाच. त्याच्या एका बाजूच्या टोकाला गंज लागला की घड्याळ हातातून सुटायला एक झटका पुरतो.