स्टेशनबाहेरची टपरी: चहाला चार स्टार, सिगारेटच्या काउंटरला दोन

नाव नाही टाकत, उगाच कशाला. चहा एक नंबर, आलं समोर ठेचून घालतो. पण खरा रिव्ह्यू सिगारेटच्या काउंटरचा. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुट्टी सिगारेट विकायला बंदी आहे, इथं मात्र मागितली की बिनधास्त एक काढून देतो, वर लायटर सुतळीला बांधलेला. आणि सगळी गंमत या सुट्ट्यातच आहे, टॅक्स वाढला की पाकिटाचा भाव ऐकून माणूस दचकतो पण एका सिगारेटमागे रुपया-दोन वाढले तर चिल्लर देऊन मोकळा होतो.

अर्धा तास बसून बघितलं. आयटीवाला भाव न विचारताच पाकीट उचलतो. डिलिव्हरीवाला पोरगा लांब सिगारेटवरून आखूडवर आलाय, कारण टॅक्स लांबीनुसार लागतो ना. हमालकाका तर सरळ बिडीवर. 2017 ला जीएसटी आला तेव्हा बिडीला 28 टक्के लावले पण सेस, म्हणजे वरचा जादा कर, नाही, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सिगारेट 40 टक्क्यांत टाकायचं ठरलं तेव्हा बिडी उलट 18 वर आणायचं ठरलं! मग काकांनी सोडायची कशाला? देशात सिगारेटवाल्यांपेक्षा बिडीवाले जास्त आहेत, आणि बिडीचा धूर काही कमी वाईट नाही हो.

माझ्या दिवसाच्या पाचच्या दोन झाल्या, तेही भावामुळेच. बायकोच्या बोलण्याने नाही, हे तिला सांगू नका. चहाला मात्र रोज जातो.