सात सीटची व्हॅन आणि ४०२ मीटर: फॅमिली व्हॅनच्या ड्रॅग रेस स्पर्धेचा रिव्ह्यू

आधी सरळ सांगतो, ही स्पर्धा मला प्रचंड आवडली, ज्यांना गाड्यांचं वेड आहे पण प्रत्यक्षात गाडी खोलून बसायला जागा नाही की पैसे नाहीत त्यांनी एकदा तरी भाग घ्याच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ऑटोमेशन नावाचा गेम आहे, न्यूझीलंडच्या कॅमशाफ्ट सॉफ्टवेअरचा, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानावर २०१५ पासून अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला आहे, आणि त्यात गाडी चालवायची नसते, बनवायची असते. इंजिनचा बोअर, स्ट्रोक, कॉम्प्रेशन, कॅम, टर्बो, एक्झॉस्टच्या पाइपचा व्यास, सगळं तुम्ही ठरवायचं, मग बॉडी, चासी, सस्पेन्शन, गिअर, टायर, सीटा. २०१८ पासून ही गाडी एक्सपोर्ट करून बीमएनजी ड्राइव्हमध्ये चालवता येते, तो जर्मनीतल्या ब्रेमेनच्या लोकांचा गेम, ज्यात गाडी खरोखर वाकते, चेपते, पुढचं नाक वर उचलते. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या सरळ रस्त्यावर, पाव मैलाची रेषा जी आधी गाठेल ती जिंकली, आणि त्या वेळी हे नाक उचलणंच सगळा खेळ ठरवतं, ते पुढे सांगतो.

तर खेळणाऱ्या मंडळींनीच एक स्पर्धा भरवली होती, फॅमिली व्हॅनची. नियम वाचल्या वाचल्या मी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून बसलो. मॉडेल १९९५ किंवा त्याआधीचं हवं, तीन रांगा आणि किमान सात सीटा, ९५ ऑक्टेनचं साधं पेट्रोल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पाहिजेच, सेमी-स्लिक म्हणजे जवळपास गुळगुळीत रेसिंगचे टायर बंद, फोर व्हील ड्राइव्ह बंद, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, खर्चाला मर्यादा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गेम गाडीला देतो त्या कम्फर्ट आणि प्रॅक्टिकॅलिटी या दोन आकड्यांना खालची पायरी. त्याच्या खाली गेलात की तुमची व्हॅन कितीही पळू दे, बाद. गाडीची फाइल पाठवायची, मग भरवणारा माणूस सगळ्या गाड्या बीमएनजीच्या ड्रॅग स्ट्रिपवर दोन-दोन करून पळवणार, ड्रायव्हर सगळ्यांना तोच, कॉम्प्युटर. म्हणजे हात कोणाचा चांगला हा प्रश्नच नाही, गाडी कोणाची चांगली एवढंच.

हा सीटांचा आणि कम्फर्टचा नियम म्हणजे या स्पर्धेचा जीव आहे असं माझं ठाम मत आहे. नाहीतर काय होतं, लोक आतलं सगळं काढून टाकतात, डब्बा मोकळा करतात आणि चाकावर इंजिन ठेवून पाठवतात, त्यात डोकं लागत नाही. इथे तुम्हाला एका बाजूला आई-वडील, पोरं, सामान, दुसऱ्या बाजूला स्टॉपवॉच, आणि दोघांनाही नाराज करायचं नाही.

माझ्यासाठी हा विषय जवळचा आहे कारण पप्पांनी चिंचवडमध्ये चौदा वर्षं शाळेची व्हॅन चालवली, मारुती ओम्नी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन पुढच्या सीटखाली, चार गिअर, मागची चाकं ओढणारी, मागे पाटे. मी त्याच व्हॅनमध्ये शाळेत गेलो. स्पर्धेचं सांगितल्यावर ते मोबाईल बाजूला ठेवून स्क्रीनजवळ येऊन बसले, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो हा, "ओढ कुठल्या चाकांना देणारेस?" मी म्हणलं अजून ठरवलं नाही, बहुतेक पुढे, बऱ्याच व्हॅनना पुढेच असते, जागा वाचते, स्वस्त पडतं. ते म्हणाले, "मोकळी व्हॅन चिखलात नुसती चाक फिरवत बसते बघ, मागे पोरं बसली की गपगुमान निघते. जिथे वजन तिथे पकड."

मग मी हिशेब मांडून बघितला. गाडी जोरात निघते तेव्हा नाक वर उचलतं आणि पुढचं वजन मागच्या चाकांवर सरकतं, किती सरकतं ते तीन गोष्टींवर, निघण्याचा जोर, गाडीच्या वजनाचा मध्य किती उंचीवर आहे, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर. समजा मध्य ०.७ मीटर उंच, व्हीलबेस म्हणजे ते चाकांतलं अंतर २.८ मीटर, आणि गाडी अर्ध्या जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अर्ध्या प्रवेगाने निघाली, तर ०.५ गुणिले ०.७ भागिले २.८, म्हणजे साडेबारा टक्के वजन मागे जातं. उभी असताना पुढे ५८ मागे ४२ असलेली व्हॅन सुटताना पुढे साडेपंचेचाळीस आणि मागे साडेचोपन्न होते. पुढच्या चाकांना ओढ असेल तर नेमकी गरज असताना पकड गेली, मागच्यांना असेल तर आयती मिळाली. आणि गंमत अशी की व्हॅन उंच असते म्हणून हे सरकणं बुटक्या कारपेक्षा जास्त होतं, म्हणजे ज्या उंचीमुळे सगळे व्हॅनला नावं ठेवतात तीच सुटताना मदत करते, फक्त ओढ मागे पाहिजे. हे मला पप्पांच्या एका वाक्याने कळलं, आधी मी आठवडाभर नुसते टायर बदलत बसलो होतो.

मग ओढ मागे दिली आणि इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं, ३ लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, लांब असतं त्यामुळे माझ्या व्हॅनमध्ये आडवं बसतच नव्हतं. सिंगल कॅम, टर्बो ०.७ बार, कॉम्प्रेशन ८.६ पर्यंत खाली आणलं कारण ९५ च्या पेट्रोलवर त्याच्या वर इंजिन नॉक करायला लागायचं, म्हणजे आतलं पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटून ठोके द्यायचं. २९० एचपी. व्हॅनचं वजन १,७२० किलो. मागे सॉलिड ॲक्सल आणि व्हिस्कस एलएसडी, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद मिळते.

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंखा, त्याबद्दल थोडं लिहितो कारण अर्धे लोक इथेच मेले. मोठा टर्बो लावला की कागदावर एचपी छान दिसतो, पण बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, यायला ४,००० आरपीएम लागतात, तोपर्यंत व्हॅन झोपलेली. मी टर्बाइन बारीक केलं, ३० एचपी गेले, पण बूस्ट २,४०० ला हजर. एक व्हॅन होती ४०० एचपीची, पुढच्या चाकांची ओढ, दिसायला फार सुंदर, निळी, आणि हिरवा दिवा लागल्यावर ती आधी थोडी ढकलली गेली, मग एकदम बूस्ट आला आणि दोन्ही चाकं धूर काढत जागेवर. शेवटी स्पीड तिचाच जास्त होता, पण तोवर समोरची पोचलेली.

दुसरी गोष्ट म्हणजे ताकदीचा हव्यास किती कामी येतो. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, त्याला लागणारा वेळ हा वजन भागिले ताकद याच्या घनमुळाप्रमाणे बदलतो, हा ड्रॅगवाल्यांचा जुना अंदाजाचा हिशेब आहे. म्हणजे ताकद दुप्पट केली तरी वेळ फक्त एकवीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. उलट बाजूने बघा, तिसऱ्या रांगेला चांगल्या सीटा दिल्या आणि ४० किलो वाढले, तर १४ सेकंदाच्या व्हॅनला त्याची किंमत पडते साधारण ०.११ सेकंद. मी दिल्या. मागे बसणारं माणूस पण माणूसच असतं, आणि शाळेच्या व्हॅनमध्ये मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

हवेचंही तसंच. व्हॅन समोरून कपाटासारखी असते, १६० च्या स्पीडला माझ्या हिशेबाने नुसती हवाच ७० एचपी खाते, म्हणून मी टपावरचं कॅरिअर काढलं, दिसायला भारी होतं, वाईट वाटलं.

आता गिअर. ऑटोमेशन स्वतःच पाव मैलाचा अंदाज देतं, माझ्या व्हॅनला १४.१ सेकंद दाखवत होतं, बीमएनजीच्या स्ट्रिपवर पहिल्याच रनला १४.८ आले. घाबरू नका, हे दोन वेगळे हिशेब आहेत, एक कागदावरची गाडी आणि एक रस्त्यावर चाक फिरवणारी गाडी. मी रन सावकाश करून बघितला तर दोन कारणं सापडली, पहिला गिअर फार छोटा होता, म्हणजे जोर जास्त आणि स्पीड कमी, त्यामुळे सुटताना चाकं घसरत होती, आणि रेषेच्या जेमतेम पंचवीस मीटर आधी गाडी चौथा गिअर टाकत होती, तेवढ्यासाठी फुकटचा झटका. पहिला लांब केला, तिसरा रेषेपर्यंत ओढला, १४.३ वर आली. ही संध्याकाळ म्हणजे या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता भाग, एक दशांश कमी झाला की मी आणि पप्पा दोघं ओरडायचो आणि आई आतून विचारायची काय झालं.

निकाल सांगतो, वीसेक व्हॅन होत्या, मी सेमीफायनलपर्यंत गेलो आणि ०.०८ सेकंदाने हरलो. जिंकलेल्याचीही ओढ मागेच होती आणि वजन माझ्यापेक्षा नव्वद किलो कमी, त्याने इंजिनऐवजी चासीवर पैसे घातले होते, बरोबर केलं त्याने, मनापासून अभिनंदन.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे. एक, टायरच्या रुंदीचा नियम मध्येच बदलला, ज्यांनी फाइल आधी पाठवली होती त्यांना परत सगळं जुळवत बसावं लागलं, मला दोन रात्री लागल्या. टायर बारीक झाले की पहिला गिअर परत बदला, तो बदलला की बाकीचे, असं ते साखळीसारखं आहे, त्यामुळे असा नियम मध्यात हलवू नये. दोन, निकाल तीन आठवडे उशिरा. माणूस फुकट करतो, नोकरी सांभाळून, वीस गाड्यांचे रन रेकॉर्ड करणं सोपं नाही हे मान्य, पण एक ओळ टाकली असती की उशीर होतोय तर बरं झालं असतं. तीन, आणि ही माझी खरी तक्रार, फक्त शेवटचा वेळ दिला. ड्रॅगमध्ये पहिल्या साठ फुटांचा म्हणजे साधारण १८ मीटरचा वेळ वेगळा मोजतात, त्यावरून कळतं की गाडी सुटताना हरली की वरच्या स्पीडला. पहिल्या फेरीत बाद झालेल्या नवख्याला तेच तर हवं असतं, नाहीतर तो पुढच्या वेळी परत फक्त एचपी वाढवून येणार.

काही जण म्हणतात फॅमिली व्हॅन आणि ड्रॅग रेस हे काय जुळवलंय. अहो हे प्रत्यक्षात झालेलं आहे. क्रायस्लरने १९८९ ला डॉज कॅरॅव्हॅनमध्ये अडीच लिटरचं टर्बो इंजिन दिलं होतं, पाच गिअरच्या मॅन्युअलसोबतसुद्धा मिळायचं, आणि अमेरिकेत लोकांनी त्या व्हॅन खरंच ड्रॅग स्ट्रिपवर नेल्या. १९९४ ला रेनॉने एस्पास व्हॅनमध्ये फॉर्म्युला वनचं साडेतीन लिटरचं व्ही १० बसवून दाखवलं होतं. टोयोटाच्या प्रेव्हियामध्ये तर इंजिन कुशीवर कलवून सीटखाली ठेवलेलं, पुढे सुपरचार्जरसुद्धा आला, म्हणजे टर्बोसारखाच हवा कोंबणारा पण इंजिनच्या ताकदीवर फिरणारा. इंजिन सीटखाली हे ऐकून पप्पांना एवढा आनंद झाला, म्हणे बघ, आपल्यासारखीच.

घ्यायचं का, तर दोन्ही गेम विकत घ्यावे लागतात हे आधी लक्षात घ्या, फक्त ऑटोमेशन घेऊनही स्पर्धेला फाइल पाठवता येते पण स्वतः पळवून बघितल्याशिवाय गिअर जुळवता येत नाहीत. माझा लॅपटॉप १६ जीबी रॅमचा आहे, दोन गाड्या एकावेळी आरामात चालतात. बीमएनजीमधल्या वेस्ट कोस्ट यूएसए मॅपवर तयार ड्रॅग स्ट्रिप आहे, दिवे-बिवे सगळं, सराव तिथेच करा. आणि सुरुवातीला इंजिनच्या पानावर घाबरायला होतं, तर आधी साधं चार सिलिंडर बिनटर्बोचं बनवा, कॅम आणि एक्झॉस्ट हलवून टॉर्कची म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराची रेघ कशी वाकते ते बघा, दोन-तीन दिवसांत हात बसतो. डिप्लोमा मेकॅनिकलच्या पोरांनी तर कराच, मला थर्मलच्या पेपरला न कळलेलं नॉकिंग इथे कळलं.

स्पर्धेला माझे पाचपैकी चार, एक कापला तो साठ फुटांच्या वेळासाठी, तो दिला की पाच.

पुढची जाहीर झालीये, १,००० सीसीच्या आतल्या व्हॅनची, टर्बो बंद, सीटा परत सातच. मी तीन सिलिंडर ७९६ सीसी लावून सुरुवात केलीये, चारच गिअर, ओढ मागे, पप्पा शेजारी बसून सांगतायत की पहिला कुठपर्यंत खेचायचा आणि दुसरा कधी टाकायचा. पहिला रन २१.९ आला. पप्पा म्हणतात दुसरा गिअर अजून जरा लांब कर.