लकवा झालेल्या माणसाची फिजिओथेरपी: रोज ये-जा, शहरात मुक्काम की घरीच? सांभाळणाऱ्याच्या बाजूने तुलना

दवाखान्यातून सुट्टी मिळताना डॉक्टर सांगतात, "फिजिओथेरपी चालू ठेवा." कुठे आणि कोणी, हे मात्र घरच्यांनी ठरवायचं असतं. आबांना उजव्या अंगाचा लकवा झाला तेव्हा आम्ही फक्त त्यांच्याकडे बघून ठरवलं: पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज धुळ्याला जायचं. दीड महिन्यात माझ्या आईची कंबर गेली. म्हणून हा निर्णय आता तुमच्या घरावर आला असेल, तर पेशंटसोबत सांभाळणाऱ्या माणसाचाही हिशेब मांडा.

रोज ये-जा. वरवर पाहता हेच सगळ्यात स्वस्त. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. पण एका बाजूने लुळ्या माणसाला एसटीच्या पायऱ्या चढवणं हे एकटीचं काम नाही. अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते, आणि मे महिन्याच्या उन्हात पेशंट थेरपिस्टसमोर पोहोचतो तोच गळून गेलेला. घर शहरातच असेल किंवा पेशंट काठी धरून चालत असेल, तरच हा मार्ग धरा.

शहरात मुक्काम. सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांसाठी मला हे सगळ्यात योग्य वाटतं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, आणि सांभाळणाऱ्यालाही तिथे डोळ्यांनी बघून शिकता येतं: कूस कशी बदलायची, पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं, ठसका लागू नये म्हणून ताठ बसवून घास कसा भरवायचा. मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पण खान्देशातून तिथे जायचं तर सोबत दोन माणसं हवीत. एकटी बाई अनोळखी शहरात, पलंगाशेजारी फरशीवर झोपून, डब्यावर किती दिवस काढेल? महात्मा फुले योजना दाखल पेशंटच्या उपचारांसाठी आहे. सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी तिच्यात धरलेली नाही.

घरी. थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येणार, बाकीचे व्यायाम घरच्यांनी करून घ्यायचे. आमच्याकडे बहुतेक घरं शेवटी इथेच येतात, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. एका गटात नेहमीच्या उपचारांसोबत नातेवाइकांना व्यायाम शिकवून ते घरी करून घ्यायला सांगितलं होतं, दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार होते. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, शंभरात ४७. याचा अर्थ घरच्यांनी काही करू नये असा नाही. पण "घरीच करा की, थेरपिस्ट कशाला?" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आणि हात उचलला नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. "मीच कमी पडले," असं आई कित्येक महिने म्हणत होती. हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं, याची मला आजही खंत आहे.

इंग्लंडमध्ये २००४ साली एका केंद्रात सांभाळणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण दिलं, तेव्हा त्यांच्यावरचा ताण कमी झालेला दिसला. पुढे २०१३ मध्ये ३६ केंद्रांत तेच केलं, पण तसा फायदा दिसला नाही. झटक्यानंतरचे लगेचचे दिवस शिकण्यासाठी योग्य नसावेत, असं संशोधकांनी म्हटलं. मला हे पटतं, कारण त्या घाबरलेल्या दिवसांत आईच्या काहीच डोक्यात शिरलं नव्हतं. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी थेरपिस्टला पुन्हा सगळं दाखवायला सांगा, आणि शिकायला दोन माणसं बसवा.

बोलणं गेलं असेल तर घराचा एक मोठा फायदा आहे. दवाखान्यात प्रमाण मराठीत विचारलं की आबा नुसते बघत राहायचे. घरी बहिणीने विचारलं, "बरं शे ना, आबा?" तेव्हा कितीतरी दिवसांनी शब्द फुटला, "शे." घरची बोली अहिराणी असेल, तर थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा.

घरी दोन गोष्टी बदलाव्या लागतात: झोळ पडणाऱ्या बाजेऐवजी घट्ट लाकडी पलंग आणि कमोडची खुर्ची. लुळा हात धरून कधीच ओढू नका, खांदा निखळतो.

पगारी मावशी. पैसे थोडेच असतील तर दिवसाची नको, रात्रीची ठेवा. दर दोन तासांनी कूस बदलायला उठणाऱ्या बाईला सलग झोप मिळणं ही सगळ्यात मोठी मदत आहे. सून घरात असताना बाई ठेवली म्हणून भाऊबंद बोलतील. बोलू द्या.

गाव शहरापासून लांब असेल तर मी आज असं करेन: दोन-तीन आठवडे शहरात, मग घरी दोनदा थेरपिस्ट, आणि जमेल तितके दिवस रात्रीची मावशी. अपंगत्व कायम राहिलं तर त्याचा दाखला काढा, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला तो लागतो. सांभाळणारी सारखी रडत असेल, जेवण टाळत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) मोफत क्रमांकावर तिला मराठीत बोलता येतं. फोन लावून तिच्या हातात द्या, आणि तेवढा वेळ पेशंटजवळ तुम्ही बसा.