पंप तिसऱ्यांदा उतरवण्याआधी

इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा पंप उतरवून पोत्यावर ठेवलाय आणि मिस्त्री हात पुसत विचारतोय, "काय करूया मालक? ह्योच उघडायचा, एक्सचेंज घ्यायचा, का नवा टाकायचा?" एक्सचेंज म्हणजे आपला जुना पंप देऊन दुसरा तयार केलेला घ्यायचा. वर्षा-दोन वर्षांत हा प्रश्न परत परत ऐकायची वेळ आली असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. यातल्या दोन वाटा मी स्वतःच्या पैशानं चालून बघितल्यात.

माझी गाडी जुनी सहाचाकी, इनलाइन पंपाची, म्हणजे दर सिलेंडरचा वेगळा प्लंजर (डिझेल ढकलणारा दट्ट्या) एका ओळीत असतो त्या पंपाची. जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तेव्हा ती पाण्यात अडकली. इंजिनात पाणी शिरलं नाही म्हणून अंबाबाईला नारळ फोडला. टाकीकडे कुणी बघितलंच नाही. दिवाळीनंतर पंप गेला, तो दुरुस्त केला. पुढच्या पावसाळ्याआधी परत गेला, तेव्हा वैतागून एक्सचेंज घेतला. तोही काही महिन्यांतच बसला, मग मात्र टाकी खाली घेतली. तळाचं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं. खाली दोन बोटं पाणी, वर डिझेल, आणि मधे तांबूस गंजाचा गाळ. दुरुस्त केलेला पंप आणि एक्सचेंजचा पंप, दोन्ही त्याच गाळानं खाल्ले होते.

म्हणून कुठला पंप घ्यायचा हे ठरवण्याआधी जुना कशानं गेला ते बघा. पंप उघडला की प्लंजर मागून घ्या, पुसून उजेडाला धरा. प्लंजर आणि बॅरल (तो ज्यात वरखाली होतो ती नळी) यांच्यात जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड. धूळ गेली असेल तर प्लंजरच्या डोक्याजवळ, डिझेल आत येतं त्या भोकासमोर, दुधाळ मंद पट्टा दिसतो. पाणी गेलं असेल तर तपकिरी ठिपके. आणि प्लंजरवर लांब चकचकीत ओरखडे असतील किंवा तो बॅरलमध्ये धरूनच बसला असेल, तर डिझेलमध्ये वंगणच नव्हतं अशी दाट शंका घ्यावी. रॉकेलची भेसळ किंवा बायोडिझेलच्या नावानं मिळणारं स्वस्त तेल भरलं की असं होतं. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १०) आलं, म्हणून पंप जातात असं बरेच जण सांगतात. गंधक काढताना डिझेलचा मूळचा वंगणपणा कमी होतो हे खरं, पण तो भरून काढायला रिफायनरीतच त्यात ॲडिटिव्ह घालतात. चांगल्या पेट्रोल पंपावरच्या डिझेलला दोष देण्याआधी आपली टाकी तपासा.

आता पर्यायांकडे येतो. इनलाइन पंप असेल तर माझा कौल आपलाच पंप दुरुस्त करण्याला आहे. कोल्हापुरात ऑईल इंजिनं बनवणारे आणि उघडणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उद्यमनगरात फिरलात तर टेस्ट बेंच (पंप फिरवून तपासायचं यंत्र) असलेला माणूस सापडतो. फक्त पंप टाकून घरी जाऊ नका, बेंचवर लावताना समोर उभे राहा. काचेच्या सहा नळ्यांत डिझेल चढताना दिसतं. एक नळी मागे राहिली की तो सिलेंडर ओढायला कमी पडणार, आणि ते तुम्हाला आंबा घाटात भरल्या गाडीत कळणार. फुल स्पीडला नळ्या सारख्या भरल्या म्हणून समाधान मानू नका. स्टार्टरच्या मंद वेगाला किती डिझेल येतं तेही बघा, कारण झिजलेलं एलिमेंट, म्हणजे प्लंजर-बॅरलची जोडी, तिथेच उघडं पडतं. एलिमेंट बदलताना डिलिव्हरी व्हॉल्व्हही (डिझेल मागे येऊ न देणारा) बदला, आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) त्याच दिवशी प्रेशरला तपासून घ्या. खराब नोझलवर चांगला पंप बसवला तर धूर तसाच राहतो आणि शिव्या मात्र पंपवाल्याला बसतात.

यात गाडी दोन-चार दिवस उभी राहते. एक्सचेंजमध्ये ते दिवस वाचतात, सकाळी गेलं की संध्याकाळी गाडी रस्त्यावर. पण तुम्ही ज्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे ती बॉडी देता आणि ज्याचा काहीच माहीत नाही ती घेता. माझ्या मूळ पंपाची बॉडी आणि कॅमशाफ्ट शाबूत होते, फक्त एलिमेंट गेली होती. ते मी देऊन बसलो. एक्सचेंज घ्यायचाच असेल तर पंपाच्या पट्टीवरचा नंबर तुमच्या जुन्या पंपाशी अक्षर न अक्षर जुळवा. बाहेरून सारखा दिसणारा पंप गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) आणि डिलिव्हरीनं वेगळा असू शकतो. मग गाडी एकतर काळा धूर ओकते नाहीतर ओढतच नाही.

नवा पंप सगळ्यात महाग. पण बॉडीला तडा गेला असेल, कॅमशाफ्ट खाल्लेला असेल किंवा बेअरिंगची जागाच वाढलेली असेल तर दुरुस्तीवर घातलेला पैसा बुडीतच, तिथे नवाच घ्या. आधी वॉरंटीच्या अटी वाचा. पाणी किंवा कचऱ्यानं पंप गेला असं दिसलं तर दावा मंजूर होणं अवघड असतं, म्हणजे घाण टाकीवर नवा पंप बसवला तर वॉरंटीचा कागद नुसता नावाला. भंगारातला पंप घेऊ नका. त्यावर जास्त लिहीत नाही.

रोटरी, म्हणजे एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलेंडरना डिझेल वाटणाऱ्या पंपाची गोष्ट वेगळी. इनलाइनमध्ये कॅमच्या बाजूला इंजिन ऑईल असतं. रोटरीचं सगळं आतलं काम डिझेलच्याच वंगणावर चालतं, त्यामुळे भेसळ त्याला आधी मारते. गाडी गरम असताना चालू होत नाही आणि पंपावर ओलं पोतं टाकलं की चालू होते, असं असेल तर आतला भाग झिजलाय. तिथे अर्धवट दुरुस्ती करू नका.

कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं तिथे, तर अर्धवट दुरुस्ती अजिबातच नको. तिथे दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे असतो, आणि पंप झिजला की त्याचा कीस रेल, इंजेक्टर आणि रिटर्न लाइनमधून थेट टाकीत परततो. नुसता पंप बदलला तर तोच कीस नव्या पंपात जातो. सगळी लाइन धुणं, इंजेक्टर तपासणं, टाकी साफ करणं हा खर्च पंपाच्या खर्चात धरूनच निर्णय घ्या.

कुठलाही पर्याय घेतलात तरी टाकी उतरवून धुवा आणि झाकणाचा ब्रीदर (हवेचं भोक) मोकळा करा. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची जाळी काढून बघा. सक्शनच्या पाइपाच्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावून बुडबुडे येतात का ते बघा. जुना फिल्टर कापून त्याचा कागद वर्तमानपत्रावर पसरा, त्यात काय अडकलंय ते डोळ्यांनी दिसेल. डिपस्टिकही काढा. ऑईलची पातळी वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर झिजलेल्या एलिमेंटमधून डिझेल इंजिनात उतरतंय. अशी गाडी एक दिवसही चालवू नका, बेअरिंग जातील.

उसाचा सीझन चालू आहे आणि गाडी उभी ठेवणं परवडत नाही, असं असेल तर एक्सचेंज घ्या. मात्र आधीच बोलून ठेवा की तुमचा जुना पंप परत मिळायला हवा, भले त्याचे जास्त पैसे द्यावे लागोत. सीझन संपला की तोच निवांत उघडून घ्या.